प्रेषिताचा पराभव पडद्यावर येईल काय?

विज्ञानकथेकडे आपल्या वाङ्मयीन चर्चेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. परग्रहावरच्या लढाया, यंत्रमानव, अंतराळयाने हा पोट भरलेल्यांचा विरंगुळा आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत, असे म्हणून आपण तो कप्पा बंद करून टाकला. जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आपल्याकडच्या मुलांनी आवडीने वाचल्या. पण दिवाळीत ज्या घरांतून 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हटले जाते, त्या घरातल्या वाचकाने वामन हे नाव विज्ञानकथेच्या मुखपृष्ठावर पाहून काय समजावे, हा प्रश्न आपल्या समीक्षेला पडला नाही. तो पडायला हवा होता. कथा भविष्यातली असली तरी तिच्यातली नावे, देव आणि प्रेषित भूतकाळातूनच येतात.

हा विषय आज काढण्याचे कारण फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची 'ड्यून' ही कादंबरी आणि तिच्यावरचे चित्रपट. डेनिस व्हिलनव्ह या दिग्दर्शकाने मूळ कादंबरीवर २०२१ आणि २०२४ साली दोन चित्रपट काढले. तिसरा चित्रपट 'ड्यून मसाया' या १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीवर आधारलेला असून त्याच्या प्रदर्शनाची तारीख १८ डिसेंबर २०२६ अशी जाहीर झाली. बीड, अंबाजोगाई, माजलगावकडची महाविद्यालयीन मुले हे चित्रपट बहुधा मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहतात, आणि त्यांच्यातही जगभरच्या चाहत्यांसारखीच आशा आणि धास्ती आहे. पुस्तकाला धरून होईल का? चानीचे काय करतील? मेलेला डंकन परत कसा येईल? नायकाला शेवटी वाचवणार तर नाहीत? हे प्रश्न पोरकट नाहीत. विशेषतः शेवटचा नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावे लागेल. अराकिस नावाचा एक वाळवंटी ग्रह आहे. त्या वाळूत 'मसाला' नावाचा एक पदार्थ मिळतो. त्याच्यावाचून साम्राज्यातला अंतराळप्रवास चालत नाही, म्हणून तो ग्रह ज्याच्या ताब्यात त्याची सत्ता. तिथले मूळ रहिवासी फ्रेमेन. पिढ्यान्‌पिढ्या छळले गेलेले, ग्रहाग्रहांवरून हाकलले गेलेले हे लोक डोंगरातल्या गुहांत राहतात. घाम आणि मूत्र गाळून त्याचे पुन्हा पिण्याचे पाणी करणारा पोशाख अंगात घालतात. मेलेल्या माणसाचे पाणी टोळीच्या मालकीचे मानतात. बाहेरून आलेल्या एका सरदार घराण्याचा मुलगा पॉल, बापाचा खून झाल्यावर, या लोकांत आश्रय घेतो. त्यांच्या भविष्यवाणीतला प्रेषित होतो आणि त्यांच्या बळावर साम्राज्य जिंकतो. इथे पहिली कादंबरी संपते. दुसरी बारा वर्षांनी सुरू होते. तोवर पॉलच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली आहेत, ९० ग्रह निर्जीव झाले आहेत, आणि आपण लावलेली आग आपल्यालाच विझवता येत नाही हे प्रेषिताला कळून चुकले आहे.

हर्बर्टला या कथेचे बीज सापडले ते १९५७ साली, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर. तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचे काम सरकारी शेतीखाते करीत होते. त्यावर लेख लिहायला तो गेला. लेख राहिला आणि कादंबरी झाली. वीसेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. शेवटी १९६५ साली मोटारदुरुस्तीची पुस्तके काढणाऱ्या चिल्टन या प्रकाशनाने ती छापली. प्रस्थापितांच्या दारातून परतलेल्या हस्तलिखितांची गोष्ट आपल्याला नवी नाही, म्हणून हे जाता जाता सांगितले.

चाहत्यांच्या धास्तीलाही इतिहास आहे. पहिली कादंबरी ज्या 'ॲनालॉग' मासिकात क्रमशः आली त्याचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी दुसरी छापण्यास नकार दिला. नायकाचे असे पतन त्यांना पसंत नव्हते. ती १९६९ साली 'गॅलक्सी' या दुसऱ्या मासिकात आली, आणि पहिल्या पुस्तकावर फिदा झालेल्या कितीतरी वाचकांनाही ती रुचली नाही. त्यांना वीरपुरुष हवा होता. लेखक मात्र पहिल्यापासून वीरपुरुषापासून सावध राहा असे सांगत होता. पुढे १९८४ साली डेव्हिड लिंच यांनी पहिल्या कादंबरीवर चित्रपट केला आणि शेवटी अराकिसवर पाऊस पाडला. पॉल उभा आहे आणि आकाशातून पाणी कोसळते आहे! कथेचा यापेक्षा मोठा पराभव शोधून सापडणार नाही. ज्या वाळूकिड्यांपासून मसाला तयार होतो त्यांना पाणी हे विष आहे, ही साधी गोष्ट तर त्यात विसरली गेलीच. पण त्याहून वाईट म्हणजे प्रेषितपणाचे सोंग घेतलेला माणूस खराच देव ठरला. हर्बर्ट तेव्हा हयात होता. चित्रपटातले बरेच काही त्याला आवडले, पण हा शेवट खटकला. पॉल हा देवाची भूमिका करणारा माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

तेव्हा व्हिलनव्ह तिसरा चित्रपट करणार म्हटल्यावर जुन्या वाचकांना आनंद झाला तो याच कारणाने. 'मसाया' पडद्यावर आली तरच 'ड्यून'चा अर्थ पुरा होतो. ही आशा मला मान्य आहे. पण मूळ ग्रंथाशी इमान म्हणजे काय, याबद्दल चाहत्यांचे म्हणणे मला अपुरे वाटते. ते प्रसंग मोजतात, पात्रे मोजतात. कोणाचे प्रसंग गळले, हे मोजत नाहीत.

उदाहरणार्थ, २०२१ च्या चित्रपटातून मेजवानीचा प्रसंग गळला. याबद्दल वाचकांनी हळहळ व्यक्त केली, ती बहुतांशी त्यातल्या चुरचुरीत संवादांसाठी. मला त्या प्रसंगाचा आरंभ आठवतो. पॉलचा बाप राजवाड्याच्या भोजनगृहात येतो. दाराशी पाण्याची भांडी आणि पंचे ठेवलेले आहेत. जुन्या मालकांच्या काळापासूनची रीत अशी की पाहुण्यांनी हात बुडवावेत, पाणी फरशीवर सांडावे, पंच्याला हात पुसून तो त्या थारोळ्यात फेकावा. जेवणे झाल्यावर दारात जमलेल्या भिकाऱ्यांना ते पंचे पिळून पाणी मिळायचे. सरदार ही रीत बंद करतो आणि जेवण चालू असेतो प्रत्येक भिकाऱ्याला पेलाभर पाणी द्या असे फर्मावतो. समोरच्या दासीचा चेहरा उतरतो, कारण त्या पिळलेल्या पाण्याचेही पैसे होणार होते. एका पानाचा मजकूर. चवदार तळ्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, वरून ओंजळीत ओतलेले पाणी ज्याच्या आजीने प्यायले आहे, त्याला या पानासाठी समीक्षकाची गरज नाही. पाणी कमी असणे ही एक गोष्ट. ते आपल्यासमोर सांडून मग पिळून देणे ही दुसरी. पहिलीला दुष्काळ म्हणतात. दुसरीला निसर्ग जबाबदार नाही. चित्रपटाने खजुराच्या झाडांचा प्रसंग ठेवला. माणसांच्या वाट्याचे पाणी झाडांना घालणारा माळी त्यात आहे आणि तो प्रसंग सुंदर आहे. पण झाड पवित्र म्हणून जपले जाते हे पाहून प्रेक्षक हळवा होतो. पंचा पिळणारा हात पाहून त्याला लाज वाटली असती.

आपल्या जिल्ह्यात हे वाचणे म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. जमिनीखालून नालीने पाणी शेतांपर्यंत नेण्याची तिची रीत आहे, आणि अशा पाटांना 'ड्यून'मध्ये जो 'कनात' शब्द येतो तो अरबी-फारसी जगातून आपल्याकडे आलेल्या याच विद्येचा आहे. ज्या गावाला चारशे वर्षांपूर्वी ही विद्या अवगत होती त्याच्या जिल्ह्यात टँकरमागे घागरी घेऊन धावावे लागते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. त्याच मराठवाड्यात कारखान्यांसाठी ऊस उभा असतो, आणि ज्यांच्या शेतात ज्वारी करपते ते मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकतात आणि परमुलखातला ऊस तोडायला जातात. अराकिसवर मसाल्याचा धंदा चालू राहायचा तर ग्रह कोरडा राहिला पाहिजे. हे अर्थशास्त्र समजायला आपल्या विद्यार्थ्याला परिशिष्ट वाचावे लागत नाही.

आता प्रेषिताकडे येऊ. हर्बर्टच्या कादंबरीतला सर्वांत धारदार विचार असा की फ्रेमेनांची भविष्यवाणी त्यांची नव्हे. ती पेरलेली आहे. बेने जेसेरिट नावाचा एक भगिनीसंघ शतकानुशतके ग्रहाग्रहांवर माणसे पाठवतो आणि तिथल्या भोळ्या श्रद्धांत आपल्या सोयीच्या कथा मिसळून ठेवतो, की पुढे कधी आपल्यातली एखादी बाई अडचणीत सापडली तर त्या कथांचा आधार घेऊन तिने जीव वाचवावा. पॉलची आई नेमके तेच करते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथा उलगडल्या, त्या याच रीतीने. देव कोण हे बाजूला ठेवून ही कथा कोणी सांगितली, कोणाला सांगितली आणि तिच्यामुळे कोणाची जमीन गेली, हे त्यांनी विचारले. अमेरिकेतला एक पत्रकार नव्वदेक वर्षांनी वेगळ्या वाटेने तिथे पोचतो, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. सत्तेची हत्यारे सगळीकडे सारखीच असतात.

व्हिलनव्हच्या दुसऱ्या चित्रपटाने ही पेरणी लपवलेली नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पॉलची आई दुबळ्यांपासून सुरुवात करून एकेकाला कसे वळवते, हे त्यात स्पष्ट आहे. चानीलाही त्याने बदलले. कादंबरीत ती पॉलची एकनिष्ठ सोबतीण आहे. चित्रपटात ती प्रेषितावर विश्वास न ठेवणारी, हे आपल्याला गुलाम करण्याचे साधन आहे असे तोंडावर सांगणारी लढवय्यी आहे, आणि शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती उभी राहते आणि निघून जाते. पुष्कळ जुने चाहते यावर चिडले. मी चिडलो नाही. लेखकाच्या मनातला नकार कोणाच्या तरी तोंडी यायला हवा होता, तो फ्रेमेन तरुणीच्या तोंडी आला हे योग्यच झाले.

पण त्याबरोबर एक सोयीची वाटणी आली. चित्रपटात उत्तरेकडचे फ्रेमेन शंकेखोर, दक्षिणेकडचे कट्टर श्रद्धाळू. कादंबरीत असली उत्तर-दक्षिण नाही. श्रद्धा ही एका संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या केलेली मशागत आहे, असे दाखवायचे सोडून ती एका भागातल्या अडाणी लोकांचा स्वभाव आहे, असे दिसू लागते. स्टिलगारचेही तेच. हा टोळीचा शहाणा नायक. कादंबरीत पॉलला एका क्षणी जाणवते की आपला एक मित्र गेला आणि त्याच्या जागी एक भक्त उभा राहिला. ती हानी आहे, आणि ती पॉललाही कळते. चित्रपटात पॉल म्हणतो, मी प्रेषित नाही. स्टिलगार म्हणतो, पाहा किती नम्र, म्हणजे हाच प्रेषित. चित्रपटगृह हसते. मुलांच्या मोबाईलवर त्याचे विनोद फिरतात. एक स्वतंत्र बुद्धीचा माणूस भक्त होतो ही हसण्याची गोष्ट कशी झाली? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला, तेव्हा त्यांच्यासमोर स्टिलगारसारखी कर्ती, शहाणी माणसेच होती. मिरवणुकीत नाचून वाचनालय बंद ठेवणाऱ्या आपल्या वस्त्यांनी तरी त्या विनोदाला फार मोठ्याने हसू नये.

पहिल्या चित्रपटात आणखी एक गोष्ट गळली, तिचा उल्लेख चाहते क्वचित करतात. लिएत-काइन्स हे पर्यावरणशास्त्रज्ञाचे पात्र कादंबरीत वाळवंटात एकटे मरते. मरता मरता भ्रमात त्याला आपला बाप बोलताना ऐकू येतो, आणि लोकांवर येणारी सर्वांत भयंकर आपत्ती म्हणजे एखाद्या वीराच्या हाती सापडणे, या आशयाचा विचार तिथे येतो. सगळ्या कथेची किल्ली ती आहे, आणि ती पॉल विजयी होण्याच्या कितीतरी आधी वाचकाच्या हाती दिलेली आहे. चित्रपटात काइन्स ही स्त्री आहे. तिचा शेवट शौर्याचा, नेत्रदीपक आहे. पण ती किल्ली तिच्याबरोबर वाळूत गेली.

भाषेचीही एक तक्रार आहे. 'महदी', 'लिसान अल्-गैब', 'फेदायकीन' हे फ्रेमेनांचे शब्द अरबी वळणाचे. चित्रण जॉर्डन आणि अबू धाबीच्या वाळूत झाले. पण ज्या लोकांच्या भाषेतून, पोशाखातून, बंडातून हे जग उभे केले, त्यांच्यातले नट मुख्य भूमिकांत जवळजवळ नाहीत. कादंबरीभर असलेला 'जिहाद' हा शब्दही चित्रपटाने टाळला आणि 'पवित्र युद्ध' असा गुळगुळीत शब्द घेतला. व्यापारी अडचण समजते. पण रंग, चेहरेपट्टी, वाळू उचलायची आणि माणूस मागे ठेवायचा, ही रीत आपण ओळखतो. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) हिंदीत 'धडक' (२०१८) झाला तेव्हा जेऊर-करमाळ्याच्या मातीतली जात उदयपूरच्या महालात जाऊन इतकी पुसट झाली की श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा एवढेच उरले. काही गाणी तीच होती. मग शेवटचे रक्त कशासाठी सांडले, हे ज्याने 'सैराट' पाहिला नाही त्याला कळायचे कारण नव्हते. रूपांतरात काय गळते हे पाहायला आपल्याला हॉलिवुडपर्यंत जावे लागले नाही.

तर तिसऱ्या चित्रपटाकडून माझी अपेक्षा काय? चाहते सम्राटाविरुद्धचे कारस्थान, आंधळा होऊनही पाहणारा पॉल, डंकनचे पुनरुज्जीवन यांची वाट पाहत आहेत. ते सारे येईलच, कारण त्याची तिकिटे विकली जातात. मी वाट पाहतो ती फारोकची.

फारोक हे नाव बहुतेकांना आठवणार नाही. 'मसाया'च्या पूर्वार्धात एका प्रकरणापुरता येणारा हा म्हातारा फ्रेमेन. धर्मयुद्धात तो गेला तो श्रद्धेने नव्हे. त्याला समुद्र पाहायचा होता. जन्मभर थेंब मोजलेला माणूस. कोणीतरी सांगितले की दुसऱ्या ग्रहावर क्षितिजापर्यंत पाणी आहे, आणि तो विश्वास बसेना म्हणून सैन्यात गेला. एका जिंकलेल्या ग्रहावर त्याने समुद्र पाहिला, त्यात उतरला, आणि बाहेर आला तो धर्मयुद्धातून बरा होऊन आला. घरी त्याचा तरुण मुलगा आहे, लढाईत दोन्ही डोळे गेलेला. कृत्रिम डोळे मिळू शकतात, पण ते त्याला नको आहेत. तो वाद्य वाजवत बसतो. आता फारोक प्रेषिताविरुद्धच्या कटात आहे.

या एका प्रकरणात हर्बर्टने सगळ्या प्रेषितांचा हिशेब मांडला आहे. लोक झेंड्यामागे का जातात? तत्त्वज्ञान पटले म्हणून थोडे, आणि पोटात जन्मभराची एक तहान असते म्हणून पुष्कळ. जो ती तहान ओळखतो तो सैन्य उभे करतो. परत आलेल्या माणसाच्या घरात आंधळा मुलगा असतो, आणि त्याला पेन्शन मिळते की नाही हे प्रेषिताच्या दरबारात कोणी विचारत नाही. हा प्रसंग नसेल, किंवा फारोक केवळ कटातला एक दाढीवाला म्हणून पार्श्वभूमीला उभा असेल, तर तिसरा चित्रपट पॉलच्या दुःखाचा होईल. ६१ अब्ज प्रेते एका देखण्या तरुणाच्या अपराधीपणाचे नेपथ्य होतील. लिंचने पाऊस पाडून देव केला, इथे अश्रू गाळून करतील. आपण पश्चात्तापदग्ध वीरालाही तितक्याच भक्तीने पुजतो.

दुसरी धास्ती चानीबद्दलची, आणि इथे मी चाहत्यांशी सहमत आहे, कारण मात्र निराळे. ती वाळूत निघून गेली, आता परत कशी आणणार, असे ते विचारतात. 'मसाया'त ती पॉलजवळच आहे, आणि तिला मूल होत नाही. कारण राजकारणासाठी केलेली पॉलची दुसरी बायको, राजकन्या इरुलान, वर्षानुवर्षे तिच्या अन्नात संततिरोधक औषध घालते आहे. वारस कोणाच्या पोटी यावा यावर घराणी आणि भगिनीसंघ यांची ओढाताण चाललेली आहे, आणि पोट चानीचे आहे. शेवटी ती जुळ्यांना जन्म देऊन मरते. त्या औषधाने तिचे शरीर आधीच खिळखिळे झालेले असते.

बीड जिल्ह्यातला वाचक हे पान नुसते कथा म्हणून वाचू शकत नाही. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडात ना संडास ना पाणी, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. तिथे विष घालणारी राजकन्या नव्हती. कोणी एक गुन्हेगार नव्हताच, म्हणून कोणाला शिक्षाही झाली नाही. चानीची गोष्ट आणि ही गोष्ट एक नव्हे. एका बाजूला साम्राज्याचा वारस आहे, दुसऱ्या बाजूला एका दिवसाची मजुरी. पण बाईच्या पोटाचा हिशेब तिला न विचारता दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो, हे दोन्हीकडे आहे. दुसऱ्या चित्रपटाने चानीला स्वतःचे मत दिले. तिसऱ्यात तिला फक्त बाळंतपणात मरायला परत आणले, आणि तिच्या मरणावर पॉलच्या चेहऱ्याचा भला मोठा दृश्यभाग ठेवला, तर दिलेले मत काढून घेतल्यासारखे होईल. तिच्या अन्नात काय घातले जाते हे तिला कळल्यावर ती काय बोलते, याला जागा मिळाली तर व्हिलनव्हने केलेला बदल सार्थकी लागला असे म्हणता येईल.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रांना एक सुचवावेसे वाटते. 'ड्यून' जाडजूड आहे, मुले घाबरतात. 'मसाया' त्या मानाने लहान आहे आणि फारोकचे प्रकरण दोन तासिकांत वाचून होते. शब्द अडतील ते अडू द्यावेत. मुलांना आधी ते प्रकरण वाचायला द्यावे, मग चित्रपट पाहू द्यावा, आणि त्यात म्हातारा दिसला का एवढेच विचारावे.